कोळसेवाल्यांसाठी दुसरी शिडी

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
३ फेब्रुवारी २०२४

मुनाफ,

सलाम. तुला एक थोरली बहीण आहे. नाव जैतून, मुक्काम दोहा. आठवत नसेल तर लुंगी जरा वर करून डावा गुडघा बघ. तिथला पांढरा वण कालवाच्या शिंपल्याचा आहे आणि त्या शिंपल्यावर तुला पाडणारी मीच. तुला सत्तरी लागली म्हणून बहीण विसरायची मुभा मिळाली असेल तर मला सांग. मी पाच वर्षांनी मोठी आहे, मलाही थोडी वापरता येईल.

तुला ऐकू येत नाही, मला वाचता येत नाही. तुझे कान गोदीतल्या हातोड्यांनी नेले, माझी अक्षरं खाडीपलीकडच्या शाळेत राहिली. म्हणून हा कागदाचा खटाटोप. मी बोलते आहे, रुकैया लिहिते आहे. सून चांगली आहे. हे वाक्य तिनं लिहिलंय का, आणि एकदाच लिहिलंय का, ते कळव.

तुझी जाहिदा गेली तेव्हा मला येता आलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर विमानात बसू देईना. त्याची मी माफी मागणार नाही. मागितली तर तू लगेच देशील आणि विषय संपेल.

शेजारच्या विठाबाईनं मला फोनवर काहीएक सांगितलेलं नाही. तू दोन्ही वेळा चहात बटर बुडवून जेवतोस, हे सांगितलेलं नाही. ती आणून देते ती मासळी तू पाठच्या दारी मांजरांना घालतोस आणि जयगडातली मांजरं आता चालताना धापा टाकतात, हेही नाही. दिवसभर खिडकीत बसून असतोस आणि कशाची वाट बघतोस विचारलं तर हसतोस, हे तर मुळीच नाही.

आता कामाचं. आपला तबिश अकरावीत आहे. जगात काही रिकामटेकडे लोक आहेत, ते कधीच न बांधलेल्या बोटी बांधतात. कागदावरच. त्यांची स्पर्धा आहे. १९१२ साल धरायचं आणि इंग्रजांच्या आरमारासाठी एक हलकी क्रूझर काढायची. पण त्या सालात जे मिळत होतं तेवढंच वापरायचं. वजन ठरलेलं, वेग ठरलेला. पोरगा कॉम्प्युटरवर बोट काढतो आणि ती दर वेळी आडवी होते. मी म्हटलं, अरे, तुझ्या बापाचा मामा छत्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत बोटींचे नकाशे काढत होता, त्याला विचार. पोरगा लाजतो. म्हणून मी विचारते.

स्पर्धेचा कागद सोबत जोडला आहे. पाठीमागे तबिशनं पेन्सिलीनं बोट काढली आहे. इथं नजम्यात राहणारा आपल्या निवळीचा श्याम सुट्टीवर निघाला आहे, तो पत्र आणि खजूर आणून देईल. खजूर मांजरं खात नाहीत, मी चौकशी केली आहे.

तुझी बुबू
(लिहिणार रुकैया)


जयगड
२२ फेब्रुवारी २०२४

बुबू,

वालेकुम सलाम. वाक्य लिहिलंय. एकदाच लिहिलंय.

श्याम अठरा तारखेला आला. पत्र मिळालं, खजूर मिळाला. बटर मी खातो कारण मला आवडतं. विठाबाईला फोन कोण करतं?

नकाशाचं काम मी सोडलं आहे. ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर आहे. आता डोळे चालत नाहीत, हात चालत नाही आणि इच्छाही नाही. तबिशला माझे आशीर्वाद सांग आणि कॉम्प्युटरला विचार म्हणावं. त्याला सगळं येतं असं ऐकतो. म्हणजे वाचतो.

पण कागद पाठवलाच आहेस म्हणून एवढंच सांगतो. त्यानं आठच्या आठ सहा इंची तोफा वरच्या डेकवर ठेवल्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर पोलादी बुरूज चढवला आहे. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, त्यावर पाटा आणि कमरेला काही नाही, अशी बाई पायऱ्या उतरली तर काय होईल? त्याची बोट धक्क्यालाच कलंडेल. बुरूज खाली आणा, वजन पोटात आणा.

आणि त्याच्या बोटीत कोळशाची कोठी कुठे आहे? मला दिसली नाही. तेलावर चालवतो की काय? तसं असेल तर तेल कुठल्या टाक्यांत, ते दाखवलेलं नाही. एवढं विचारून कळव. बाकी काही नाही.

मुनाफ

ता. क. गुडघा बघितला. वण आहे.


ओल्ड एअरपोर्ट, दोहा
१५ मार्च २०२४

मुनाफ,

अल्ला तुला सुखी ठेवो. तुझं पत्र रुकैयानं तीनदा वाचून दाखवलं. हंडा-कळशीवर मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरची नाशिकची उल्का काय झालं म्हणून वर आली. तिला सांगितलं, माझा भाऊ बोटीला नेसवून विहिरीवर पाठवतो आहे.

तबिशनं बुरूज खाली आणला. बोट आता आडवी होत नाही, नुसती कलते. तुझे फार उपकार झाले. हे मी मस्करीत म्हणत नाही, रुकैयाला तसं लिहायला सांगितलं आहे.

तेल की कोळसा, त्यावर या घरात भांडण झालं. माझा लेक दुखानला तेलाच्या कामावर. आठवडाभर तिकडे राहतो, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. तो म्हणाला, आपण तेलाचं खातो, बोटही तेलावरच चालू दे. मी म्हटलं, बाबा, तुझ्या या वाळवंटाला १९१२ साली तेलाचा पत्ता नव्हता. तेव्हा इथली माणसं नाकाला चिमटा लावून मोत्यांसाठी बुड्या मारत होती. कोळसाच घ्यायचा. तबिशही म्हणाला, कोळसाच.

आता रोजे चालू आहेत, पोरगा शाळेतून लवकर येतो आणि प्रश्न विचारून माझं डोकं खातो. मला सगळे लक्षात ठेवावे लागतात, कारण लिहून घेणारी त्या वेळी भजी तळत असते. तर ऐक. कोळसा ओढणारी माणसं बोटीत कुठे असतात? किती असतात? त्यांना प्यायला पाणी तिथेच मिळतं का, की वर यावं लागतं? आणि वर यायला शिड्या किती?

तोफांबद्दल त्याला काही विचारायचं नाही. तोफा त्याला माहीत आहेत म्हणतो.

इफ्तारला शेवटचा खजूर हातात घेते तेव्हा तुझी आठवण काढते. तू काय हातात घेतोस ते लिही.

तुझी बुबू


जयगड
१२ एप्रिल २०२४

बुबू,

ईद मुबारक. श्यामच्या मामेभावानं पत्र आणलं.

बोर्ड माळ्यावरून काढला. श्यामच्या मामेभावालाच वर चढवलं, कारण विठाबाई म्हणाली की मी चढलो तर ती तुला फोन करील. आता बोर्ड जेवणाच्या टेबलावर आहे. त्यामुळे मला स्वयंपाकघरात जेवावं लागतं आणि तिथं बसलं की समोर गॅस दिसतो. परवा भात लावला. जास्त शिजला. इफ्तारला खजूरच हातात घेत होतो, तुझाच.

तबिशला सांग, कोळसा घेतलास ते बरं केलंस. कोठ्या दोन्ही कुशींना ठेवल्या आहेत. शत्रूचा गोळा आला तर आधी कोळशात रुततो, बॉयलरपर्यंत पोचेतो त्याचा जोर कमी होतो. इंग्रज हुशार होता, जळणाचीच भिंत करायचा. बॉयलरच्या तीन खोल्या, एकामागे एक. कोळसेवाले कोठीत आणि आगवाले भट्टीपुढे, एका पाळीला मिळून चाळीस माणसं धरली आहेत. पाण्याची टाकी मी विसरलो होतो. छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस चाळीस माणसांचं पाणी विसरला. आता प्रत्येक खोलीत एकेक दिली आहे. शाबास त्याची, असं सांग.

शिडी प्रत्येक खोलीला एक. दुसरीला जागा नाही. तिचं तोंड ज्या जागी उघडेल, नेमक्या तिथं मधल्या दोन तोफा आहेत.

सूनबाई, इथून पुढचं मनात वाच, बुबूला वाचून दाखवू नकोस.

स्पर्धेच्या कागदावर इंग्रजीत शेवटची तारीख छापली आहे, १५ फेब्रुवारी. कागद माझ्या हातात आला अठराला. बुबूला वाचता येत नाही, म्हणून तिनं तो तसाच जोडला. म्हणजे पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे की स्पर्धा संपली. आणि सतरा वर्षांचा पोरगा तोफा सोडून पाण्याची टाकी विचारत नाही. विचारणारी कोण ते मला कळतं. पण तिला सांगू नकोस. तिला कळलं की मला कळलंय, तर ती विचारायची थांबेल. मग मी सकाळी उठून काय करू?

इथं संपलं. पुढचं मोठ्यानं वाच.

बुबू, तुझा गुडघा कसा आहे?

मुनाफ


ओल्ड एअरपोर्ट, दोहा
५ मे २०२४

मुनाफ,

माझा गुडघा दोहाच्या रस्त्यासारखा आहे. रोज दुरुस्ती चालू, रोज थोडा वेळ बंद.

तुझं पत्र वाचताना रुकैया मधेच गप्प झाली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, अम्मी, शाई पुसली आहे, अक्षर लागत नाही. मला वाचता येत नाही हे खरं. पण कागदावर माणूस किती वेळ बघतं आणि शाई पुसलेली असली तर डोळे पुसावे लागतात का, एवढं कळतं. असू दे. भावाला सुनेशी गुपित करायचं असेल तर करू दे, इतकी वर्षं माझ्याशी करून कंटाळला असेल.

भात जास्त शिजला हे वाचून मला किती बरं वाटलं ते तुला सांगता येणार नाही. शिजला तर खरा.

पाण्याच्या टाक्यांवर तबिश फार खूष झाला. उड्या मारल्या. पण शिडीवरून तो अडून बसला आहे. म्हणतो, एक पुरत नाही. का पुरत नाही ते मी सांगते, कारण ते त्याला मीच सांगितलं आहे.

अब्बा बोटीवर कोळसेवाले होते, कोठीतला कोळसा ओढून भट्टीपुढे आणायचे, हे तुला माहीत आहे. सुट्टीवर आले की मी त्यांच्या पाठीला खोबरेल चोळायची. तू अंगणात कोंबड्यांच्या मागे. पाठ चोळून घेताना ते भिंतीकडे बघून बोलायचे, जसं काही भिंतच ऐकते आहे. एकदा म्हणाले, बोटीत वाफेचा नळ फुटला. शिडी एकच. सगळ्यांत पुढे अब्बा, मागे दुसरा आणि त्याच्या मागे गुहागरकडचा एक, नुकतं लग्न झालेला. अब्बा वर पोचले, दुसरा पोचला. तिसरा आला नाही.

मला म्हणाले, "मी दोन पायऱ्या लवकर चढलो असतो तर तो आला असता. हे तुझ्या भावाला सांगू नकोस, त्याला पुढं बोटींतच काम शोधायचं आहे."

म्हणून सांगितलं नाही. तुला गोदीत नोकरी लागली तेव्हाही नाही, तू निवृत्त झालास तेव्हाही नाही. आज सांगते, कारण ही बोट तू काढतो आहेस आणि ती कुठं जाणार नाही. त्यात तरी दुसरी शिडी असू दे. तोफांचं काय ते तू बघ.

बोलता बोलता दम लागला. रुकैयालाही लागलेला दिसतो, तिचा हात थांबला आहे.

तुझी बुबू


जयगड
९ जून २०२४

बुबू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डावरचा कागद काढला आणि नवा लावला.

छत्तीस वर्षांत मी किती शिड्या काढल्या असतील, हिशेब नाही. साहेबानं जागा दाखवली तिथं काढल्या. माप बरोबर, कोन बरोबर. तीवरून चढणार कोण, हे एकदाही मनात आलं नाही. घरात पाठीला तेल चोळून घेणारा माणूस होता, तरी आलं नाही. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी मला सांगितलं नाही. आम्ही दोघेही तुझ्याशी बोललो. घरात जिला लिहिता येत नाही तिच्याकडे सगळं जमा होत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आता बोट. मधल्या दोन तोफा काढल्या. आठाच्या सहा झाल्या. नियमात आठ पाहिजेत, ते मला माहीत आहे. नियम करणाऱ्यानं कोळसा ओढला नसेल. तोफा गेल्या तिथून दुसऱ्या शिडीचं तोंड वर उघडतं. खालची वाट तिन्ही खोल्यांना आतून जोडून घेतली आहे, म्हणजे नळ कुठल्याही खोलीत फुटला तरी उलट्या बाजूला पळता येईल. शिडी मी दोन माणसं शेजारी शेजारी चढतील एवढी रुंद काढली आहे. कुणाला कुणाच्या मागे राहायला नको.

त्यासाठी अधिकाऱ्यांची चहाची खोली अर्धी कापावी लागली. त्यांनी उभ्यानं चहा प्यावा.

नकाशा पाइपमध्ये घालून पाठवतो आहे. श्यामच्याच इमारतीत राहणारा एक जण परत निघाला आहे. पाइप बघून विमानतळावर विचारतील, म्हणून वर चिठ्ठी लावली आहे: बोटीचा नकाशा, बोट नाही.

एक जागा मोकळी ठेवली आहे. पुढच्या टोकाला, जिथं बोटीचं नाव असतं तिथं. इंग्रज आपल्या क्रूझरना गावांची नाहीतर देवतांची नावं द्यायचा. मला सुचलं ते मी लिहिणार नाही. तू घाल.

आणखी एक. ओहोटीच्या चिखलातून तू मला कमरेवर घेऊन शाळेत न्यायचीस. मी सहा वर्षांचा, तू अकराची. मी रडायचो म्हणून शाळा सुटेपर्यंत बाहेर फणसाखाली बसून राहायचीस. मास्तर म्हणाले होते, ही रोज येतेच तर आत बसू दे. अम्मा म्हणाली, आत बसली तर बकऱ्या कोण बघेल? बकऱ्याही तू बरोबर आणायचीस. मी आत बसून अक्षरं गिरवली आणि बाहेर बघितलं तर तू फणसाच्या पानांच्या होड्या करत होतीस. या बोटीची पहिली रेघ तिथं ओढली गेली. शुक्रिया म्हणायला चौसष्ट वर्षं उशीर झाला. लुंगी वर करून गुडघा बघत होतो, तेव्हा म्हणायला हवं होतं.

मुनाफ


ओल्ड एअरपोर्ट, दोहा
६ जुलै २०२४

मुनाफ,

विसराळू तू आहेस असं मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं. ते मागे घेते. फणसाच्या पानांच्या होड्या मीच विसरले होते.

आता माझी चोरी ऐक. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, तरी ऐक. तबिशनं स्पर्धा जानेवारीतच सोडली. इथं फुटबॉलचे सामने होते, पोरगं तिकडे लागलं. बोटीचा कागद त्यानं कचऱ्यात टाकला. त्याच दिवशी विठाबाईचा फोन आला होता की तू खिडकीत बसून असतोस आणि चूल पेटत नाही. मी कचरा टाकायला गेले तर डब्यात वर बोट. मी ती उचलली, फडक्यानं पुसली. त्याच्यावर तारीख छापली आहे हे मला कसं कळणार? मला सगळ्या छापील कागदांवर सारख्याच मुंग्या दिसतात. रुकैयाला कागद दाखवलाच नाही, ती खरं बोलायला लागली असती. घडी करून पत्रात मीच सरकवला.

पुसलेली शाई मला चैन पडू देईना. रुकैया काही बोलेना. तिची शपथ मोडायला लावणं बरं नव्हतं, म्हणून गुरुवारी ती आणि लेक बाजारात गेल्यावर मी तबिशला बसवलं आणि म्हटलं, वाच. त्याला शाळेत हिंदी आहे, तीच अक्षरं. एकेक अक्षर चघळत वाचलं त्यानं. तू विचारलं होतंस ना, मग मी सकाळी उठून काय करू? तिथं तो थांबला. मला वाटलं अक्षर लागेना. तसं नव्हतं.

मग म्हणाला, "दादी, हे सगळं ते माझ्यासाठी काढत होते?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही रे. तो माझ्यासाठी काढत होता, मी त्याच्यासाठी विचारत होते. तुझं नुसतं नाव वापरलं. यल्ला, आता उठ, नकाशा उघड."

नकाशा हॉलमध्ये जमिनीवर पसरला. टोकं उडू नयेत म्हणून चारी बाजूंना खजुराचे डबे. तबिश पालथा पडून तासभर बघत होता. मग कॉम्प्युटर आणला आणि तुझे आकडे एकेक करून आत घातले, दोन दिवस लागले. मुनाफ, ती तरंगते. कलत नाही, आडवी होत नाही. वेगात मात्र थोडी कमी पडते, आणि तोफा सहा म्हणून स्पर्धेतून पहिल्याच फेरीत बाहेर फेकली असती असं तो म्हणतो. हे सांगताना त्याचा चेहरा असा होता की तोच जिंकला आहे. लेक म्हणाला, तेल घेतलं असतं तर वेगात जिंकला असता. त्याला म्हटलं, तू परत दुखानला जा.

खाली तबिश स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहील. त्या मी सांगितलेल्या नाहीत. त्यानं विचारलं ते मला समजलंही नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर अक्षर बघ.

विठाबाईशी बोलले. म्हणाली, मांजरं बारीक झाली आहेत. हे ऐकून मी दोन रकात जास्त नमाज पढले. कुणाच्या मांजरांवर वाईट वेळ आली म्हणून शुक्र करणारी मी पहिलीच असेन.

जाहिदाला हे सांगायला हवं होतं असं सारखं वाटतं. तिला बोटीतलं काही कळत नव्हतं, पण तू जेवलास का हे तिला कळायचं. आता ते मला कळतं. तू लिहितोस, विठाबाई सांगते, रुकैया वाचते, श्याम आणतो. एवढी माणसं लागली तिचं एकटीचं काम करायला. सगळ्यांचे उपकार आहेत. रुकैया, तुझेही. लिही ते. हळू का लिहितेस?

नाव घातलं. लिहिता येत नाही म्हणून आंगठा घातला. घरात शाई नव्हती, रुकैयाची लिपस्टिक घेतली. इंग्रजांच्या आरमारात पुढच्या टोकाला लाल आंगठा असलेली दुसरी बोट नसेल. तू मनात काय नाव धरलं होतंस ते मला ठाऊक आहे. आंगठा त्याच नावाचा आहे, तेव्हा चूक झालेली नाही. नकाशा आता भिंतीवर आहे. आधी तिथं गॅसवाल्याचं कॅलेंडर होतं.

मी विचारायची थांबणार नाही. मला अजून कळलेलं नाही की चाळीस माणसांचा भात कुठे शिजतो आणि कोण शिजवतो.

मुनाफ दादा, मी तबिश. मराठी चुकली तर सॉरी. दुसरी शिडी वर उघडते तिथं झाकण आडवं सरकतं की वर उचलायचं? उचलायचं असेल तर खालून एका माणसाला जमेल का? मी वजन काढून पाहिलं, मला जास्त वाटतं.

बघ. आता तुला उत्तर द्यावं लागेल, मुनाफ.

श्याम या महिन्याच्या शेवटी सुट्टीवर येतो आहे आणि ऑगस्टात परतेल. त्याच्या बॅगेत जागा असते. सोडे पाठवू नकोस, इथं मिळतात. आंबापोळी पाठवू नकोस, तबिशचे दात किडले आहेत. कुळथाचं पीठ पाठव. बाजारातलं नाही आणि विठाबाईकडून करून घेतलेलंही नाही. कुळीथ तू निवडायचे, जाहिदाच्या लोखंडी कढईत तू भाजायचे, मग दळून आणायचे. भाजताना खिडकीत जाऊन बसलास तर खालून लागतील. लागले तरी तसेच पाठव. पिठाला करपल्याचा वास आला की मला कुणी वाचून दाखवायची गरज नाही.

तुझी बुबू